मंडळाची पेटी

टिपणीस स्टेजवर आला तेव्हा पहिली हसणारी मीच होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मंडळात असं पसरलं की हेमा खैरनार त्या दिवशी भांडायच्या तयारीनंच आली होती. साफ खोटं. मी हसायच्या तयारीनं आले होते. नवरा, जयवंत, गेल्यावर सव्वा वर्षानं पहिल्यांदाच.

टिपणीस झाला होता लग्नातून पळालेला नवरदेव. कपाळाला मुंडावळ्या, एका पायात बूट, दुसऱ्या पायात कोल्हापुरी, काखेत सासरहून मिळालेला स्टीलचा हंडा. "मंडळी, मला लपवा हो!" करत तो पहिल्या रांगेतल्या बायकांच्या खुर्च्यांमागे शिरत होता आणि बायका किंचाळत होत्या. मी इतकी हसले की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं.

आमचं गाव म्हणजे आखातातल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्याभोवती वाळूत उभी केलेली वसाहत. मराठी घरं पन्नासेक, आणि मराठी घरं म्हटली की मंडळ आलंच. गणपती, कोजागरी, एखादं नाटक, आणि थंडी पडली की एका शुक्रवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये वेषभूषेची मेजवानी. त्या दिवशी साध्या कपड्यांत कोणी यायचं नाही असा नियम होता. मठ्ठा वाढणारासुद्धा यमाच्या वेषात असायचा. मी एसटीची कंडक्टर झाले होते. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा डबा. नवरा गेला की तिथं बायकोचा व्हिसाही जायचा. मी भारतीय शाळेत शिकवत होते म्हणून माझा राहिला. पण मंडळात जाणं मी बंद केलं होतं. "किती दिवस कोंडून घेणार आहेस? काहीतरी साधंसं घाल आणि ये," असं म्हणून नलूताईंनीच मला ओढून काढलं होतं.

नलूताई कोरगावकर म्हणजे मंडळाच्या अध्यक्षीणबाई. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलायचे, नलूताई बदलायच्या नाहीत. कोणाचं बाळंतपण असो, कोणाचं भांडण असो, त्या पदर खोचून हजर. जयवंत गेला तेव्हा विमानाच्या कागदपत्रांपासून माझ्या तोंडात भाताचे चार घास घालण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. मी हे नाकारत नाही. नाकारता येत नाही म्हणून तर राग जास्त येतो.

तर टिपणीस धापा टाकत स्टेजच्या मधोमध उभा राहिला, छातीवर हात ठेवून. हात खाली घेतला आणि मला बटणं दिसली.

तपकिरी जोधपुरी कोट. सगळी बटणं पितळी. वरून तिसरं मात्र काळं, शिंगाचं.

ते बटण माझ्या वडिलांच्या कोटाचं. आमच्या लग्नात हार घालताना जयवंतच्या मित्रांनी त्याला उचलून धरलं, ओढाताण झाली आणि एक बटण तुटून गर्दीत गेलं. माझ्या वडिलांनी तिथल्या तिथं स्वतःच्या कोटाचं बटण दातानं तोडलं आणि मांडवात मांडी घालून ते जावयाच्या छातीवर शिवलं. भटजी घाई करत होते, वडील म्हणाले, "थांबा महाराज, उघड्या छातीनं मुलगी देत नसतात." ते बटण जयवंतनं पुढे कधी बदलू दिलं नाही. "सासऱ्यानं एवढंच दिलंय," असं चारचौघांत सांगायचा. हुंड्याचा एक पैसा न घेतलेल्या माणसाला ही थट्टा शोभायची.

तो कोट तिथं असायला नको होता. तो बीडकडच्या एका राजाराम नावाच्या मुलाच्या अंगावर असायला हवा होता.

दिवसपाणी गावी उरकून मी परत आले, तेव्हा कपाट तसंच होतं. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, गरजूला द्यावेत, म्हणजे त्याचीही वाट मोकळी होते, असं आमच्याकडे मानतात. सासूबाईंनी निघताना बजावलंच होतं. पण माझा हात हँगरपर्यंत जायचा आणि परत यायचा. शेवटी नलूताई आल्या. त्यांनी सगळं पिशव्यांत भरलं. कोटापाशी मात्र मी अडले.

"हा राहू दे," मी म्हणाले.

"हेमा, हाच आधी जाऊ दे," त्या म्हणाल्या. "कामगारांच्या कॅम्पात कितीतरी आपली मुलं आहेत. एखाद्याचं लग्न उभं राहील यात."

लग्न उभं राहील, या शब्दानं मी सोडला. आठ दिवसांनी त्या सांगत आल्या. राजाराम नावाचा मुलगा, बीडकडचा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. सुट्टीवर लग्नाला निघालेला. कोट असा बसला की मापानं शिवल्यासारखा. "डोळ्यांत पाणी आलं गं त्याच्या. म्हणाला, ताईंना सांगा, जपून वापरीन."

सव्वा वर्ष मी त्या राजारामवर काढलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाईट चित्रं डोळ्यांपुढे यायला लागली की मी त्याचं लग्न लावायची. मांडव, वाजंत्री, धुळीचा रस्ता, आणि ट्रॅक्टरवर बसलेला, कोट घातलेला मुलगा. जयवंतचं सगळं संपलं नाही, एवढं तरी कुठंतरी चालतंबोलतं आहे, यावर माझी झोप टिकून होती. आणि आता तोच कोट हंडा काखेत मारून बायकांच्या खुर्च्यांमागे लपत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि थेट स्टेजवर चढले.

लोकांना वाटलं, प्रवेश आहे. कंडक्टर आणि पळपुटा नवरदेव! टाळ्या पडल्या. टिपणीसलाही तसंच वाटलं. तो माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "मास्तरीणबाई, एक तिकीट द्या. कुठलंही द्या, पण सासरच्या उलट्या दिशेचं!"

हॉल कोसळला.

"कोट काढा," मी म्हणाले.

"अहो बाई, कोट काढला तर नवरदेव ओळखायचा कसा?"

पुन्हा हशा. मागून कोणीतरी शिटी घातली. "द्या की सोडून, हाफ तिकीट द्या त्याला!"

"टिपणीस भावजी, कोट काढा. जयवंतचा आहे तो."

तो जयवंतच्याच खात्यात होता, रोज एका टेबलावर डबा खाणारा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. काळ्या बटणावर त्याचं बोट गेलं. हंडा हातातून सुटला आणि गडगडत स्टेजच्या कडेला गेला. लोक आणखीनच हसले. त्यानं कोट काढून माझ्या हातात दिला. आत नुसतं बनियन होतं. मुंडावळ्या आणि बनियन अशा अवतारात तो बिचारा उभा, आणि समोर माणसं पोट धरून हसताहेत.

"वहिनी, आईशप्पथ मला माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मंडळाच्या पेटीतून घेतला मी. नाटकाच्या."

नलूताई माईक घेऊन लगबगीनं पुढे आल्या. "वा वा वा! काय जोडी जमली! जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत!" असं लोकांना सांगता सांगता त्यांनी माझा दंड धरला आणि मला पडद्यामागे नेलं.

मागे एक खोली होती. बॅडमिंटनची जाळी, मोडक्या खुर्च्या, आणि मधोमध ती पेटी. काळी, पत्र्याची, माणूस आत झोपेल एवढी. झाकणावर पांढऱ्या रंगात मंडळाचं नाव. झाकण उघडंच होतं, कारण आज सगळ्यांनीच त्यातून काही ना काही उचललं होतं. एका बाजूला कौमुदी, साठ्यांची कॉलेजातली मुलगी, परकर-पोलक्यावर, गळ्यात खोटे दागिने घालून साडीची वाट बघत उभी होती. ती गौर होणार होती, उभी महालक्ष्मी.

"हेमा, आवाज करू नकोस," नलूताई म्हणाल्या. "हॉलमध्ये बाहेरची माणसंसुद्धा आहेत. मॅनेजरची बायको आलीय."

"राजाराम कुठाय?"

"कोण राजाराम?"

हा प्रश्न त्यांनी खरंच विचारला. विसरल्या होत्या त्या. माझी झोप ज्याच्यावर चालली होती, तो त्यांना आठवतही नव्हता.

"बीडचा. लग्नाला निघालेला. डोळ्यांत पाणी आलेला."

मग त्यांना आठवलं. त्यांनी पदर सारखा केला. "अगं, तुला बरं वाटावं म्हणून बोलले मी. तू जेवत नव्हतीस तेव्हा."

"म्हणजे राजाराम नव्हताच?"

"शर्ट वाटले की आम्ही! पँटी वाटल्या. मी स्वतः उन्हात उभी राहून वाटल्या. पण कोट..." त्या थांबल्या, आणि मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तूच सांग, इतका उंची कोट ती माणसं कुठं घालणार होती?"

मी आयुष्यात खूप बोलणी ऐकली. पण हे वाक्य इतक्या वर्षांनी, नाशिकला माझ्या घरात भाजी निवडताना आठवलं तरी माझा हात थांबतो. कुठं घालणार होती! जिथं जयवंतनं घातला तिथं. जयवंतचा बाप मालेगावला मागावर बसायचा. शिकला नसता तर जयवंतही त्याच कॅम्पात असता, आणि नलूताईंनी त्याला सुद्धा फक्त शर्ट दिला असता.

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र," मी म्हणाले. "माल माझा, नाव तुमचं, आणि नाटक मंडळाचं."

"तोंड सांभाळून बोल. मी काय घरी नेला तो? माझ्या नवऱ्याच्या अंगावर पाहिलास कधी? मंडळासाठी ठेवला. नाटकाला कपडे काय आभाळातून पडतात? आजवर कोणी तक्रार केली नाही. एकट्या तुलाच..."

"आजवर कोणी? म्हणजे आणखी कोणाकोणाचे आहेत?"

त्यांनी पुन्हा पदर सारखा केला. चुकून बोलून गेल्या होत्या.

मी पेटीपाशी बसले आणि एकेक वस्तू बाहेर फेकायला लागले. कागदी मुकुट, दाढ्या, लाकडी तलवारी. आणि मध्येच खरे कपडे. एक काळा कोट. एक बारीक बुट्ट्यांची पैठणी. लहान मुलाचं जरीचं कुंची-टोपडं. आमच्या वसाहतीत कोणाचं मूल गेलं होतं हे मला ठाऊक होतं. माणूस गेलं की नलूताई पिशव्या घेऊन जायच्या, शर्ट कॅम्पात जायचे, आणि चांगलं ते इथं. कोणाला कळायचं कसं? माणसं दोन-चार वर्षांत नोकरी संपवून मायदेशी जायची. आणि वर दर वर्षी आम्हीच टाळ्या वाजवायचो की मंडळाचे कपडे काय झकास आहेत.

"हे सगळं मी आत्ताच्या आत्ता कॅम्पात नेणार," मी म्हणाले. "गाठोडं बांधून. अडवून दाखवा."

"ती पेटी मंडळाची आहे, हेमा!"

"पेटी ठेवा तुम्ही. पुजा तिला."

मी एक जुना पडदा जमिनीवर पसरला आणि कपडे त्यात टाकू लागले. तळाशी एक जांभळा शालू होता, मोठ्या काठांचा. कौमुदी पुढे झाली. "काकू, तो मला नेसायचाय. माझा नंबर आलाय." मी तिच्याकडे न बघता शालू गठ्ठ्यात टाकला.

"तो नको नेऊस, हेमलता."

दारात देवस्थळीकाका उभे होते. कारखान्यात हिशेबखात्यात होते ते. वसाहतीतले सगळ्यात जुने, साठीला टेकलेले, त्या मार्चमध्ये निवृत्त होऊन कायमचे परत जाणार होते. वेष म्हणाल तर डोक्याला एक फेटा, तोही सैल. दर वर्षी तोच फेटा, आणि पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची.

"काका, मध्ये पडू नका," मी म्हणाले.

"पडत नाही. फक्त तो शालू राहू दे. मंगलाचा आहे."

मंगलाकाकू मला आठवत नव्हत्या. मी इथं येण्याआधीच त्या गेल्या होत्या. पण मला इतकं बळ आलं म्हणून सांगू! मी ताडकन उठले. "ऐकलंत नलूताई? मी एकटी नाही! काका, सांगा यांना. तुम्हालाही हेच सांगितलं असेल ना, की गरजूला दिला? कोणाच्या लग्नात गेला होता तुमचा शालू?"

"एका नर्सच्या," काका म्हणाले. "केरळच्या."

"बघा! आणि तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच वर्षी. वेषभूषेलाच. कोणीतरी सासू झालं होतं, भांडकुदळ. तिनं नेसला होता."

"आणि तुम्ही गप्प बसलात? इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

मला त्यांचा नलूताईंहूनही जास्त राग आला होता. एका माणसानं त्या वर्षी तोंड उघडलं असतं, तर माझा कोट त्या पेटीत गेला नसता. मी तसं म्हणालेही. फाडफाड बोलले. अशी भित्री माणसं असतात म्हणून दुसऱ्यांचं फावतं, इथपर्यंत गेले. ते खाली बघत सैल फेटा सावरत राहिले. नलूताईसुद्धा खाली बघत होत्या.

"बोललो असतो तर यांनी तो काढून मला परत दिला असता," काका म्हणाले.

"मग? घ्यायचा होता की परत! तुमचाच तो!"

"घरी कोण नेसणार?"

बाहेर माईकवर कोणीतरी वेळ काढत होतं, उखाणे घ्यायला लावत होतं.

काकांनी फेटा काढून हातात घेतला. "दर वर्षी कोणीतरी नेसतं," ते म्हणाले. "कधी सून, कधी राणी, कधी काय. समोरून बघितलं की ती दुसरीच कोणीतरी असते, ते काही माझ्या कामाचं नाही. पण परत जाताना पाठमोरी होते ना... मंगला उंच होती. काठ असे घोट्यापर्यंत यायचे." एवढं बोलून ते ओशाळले. "या वर्षी शेवटचंच. मार्चमध्ये मी जाणार. तेवढं बघू दे. मग पाहिजे तर ने कॅम्पात."

माझा राग कुठं ठेवावा हे मला कळेना. नलूताईंवर होताच. या म्हाताऱ्यावर होता, की चोरीतून मिळालेल्या तुकड्यावर समाधान मानून हा माणूस वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत येऊन बसला. आणि जयवंतवरही होता, पहिल्यांदाच, की अशी माझ्यावर वेळ आणून तो खुशाल निघून गेला.

मी वाकून शालू उचलला. झटकला. कौमुदीच्या अंगावर टाकला.

"नेस."

"काकू, पण..."

"नेस म्हणते ना! आण इकडे, मीच नेसवते." मी तिला निऱ्या करून दिल्या, चापूनचोपून. काठ बरोबर घोट्यावर आणला. पोरगी घाबरून श्वास धरून उभी होती. "आणि हे बघ. स्टेजवर गेलीस की धावू नको. गौर धावत नसते. येताना कशीही ये, पण परत फिरताना सावकाश. दोन पावलं टाक, थांब. पुन्हा दोन टाक, थांब. पाठ लोकांकडे."

"का हो काकू?"

"सांगते तेवढं कर."

काका बाहेर गेले. मग मी नलूताईंकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना बहुतेक वाटलं की आता मी गळ्यात पडणार.

"तुम्ही आजपासून माझ्याशी बोलायचं नाही," मी म्हणाले. "आणि यापुढे कोणाच्या घरून पिशव्या उचलल्यात, तर मी कॅम्पापर्यंत तुमच्या मागून येईन."

"हेमा, माझ्या मनात काही वाईट नव्हतं गं."

"तेच तर."

कोट हातावर टाकला, बाकीचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि निघाले. मागचं दार बाहेरून बंद होतं, त्यामुळे हॉलमधूनच जावं लागलं, भिंतीच्या कडेकडेनं. कंडक्टरच्या वेषात, पाठीवर गाठोडं. कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे, एसटी निघाली वाटतं," आणि दोघंतिघं हसली.

स्टेजवर कौमुदी आली होती. समोर उभी राहिली, हात जोडले, आणि फिरली. दोन पावलं टाकली, थांबली. पुन्हा दोन टाकली, थांबली. जांभळ्या शालूचे काठ घोट्यावर हलत होते.

पहिल्या रांगेत काका उभे राहिले. आपण उभे राहिलो आहोत हे त्यांना कळलं तरी होतं की नाही, कोण जाणे. हातात तो सैल फेटा, आणि मान किंचित पुढे.

"अहो काका, बसा की!" मागून एकानं आवाज दिला. "दिसत नाही!"

"खाली बसा! फोटो काढायचाय!" दुसरा ओरडला, आणि मग चारपाच जण एकदम, "बसा, बसा!"

मी दारापाशी पोचले होते. गाठोडं खांद्यावरून खाली आपटलं.

"उभं राहू द्या त्यांना!"

वर्गातल्या मुलांवर सुद्धा मी कधी एवढ्या जोरानं ओरडले नव्हते. अख्खा हॉल मागे वळून माझ्याकडे बघू लागला. एकटे काका वळले नाहीत. कौमुदीनं आणखी दोन पावलं टाकली आणि थांबली, आणि त्यांना खाली बसायला मग कोणीच सांगितलं नाही.